वाळवंटातल्या लोखंडाचा पंचनामा

१९९१च्या आखाती युद्धात जमिनीवरची लढाई अवघ्या शंभर तासांत संपली. त्यानंतर कॅमेरा, वही आणि मोजपट्टी घेऊन काही माणसं जळक्या रणगाड्यांमधून फिरली. त्यांनी जे टिपलं त्यानं जेत्यांचेच काही दावे खोटे पाडले, आणि जे टिपलं नाही ते दुसऱ्याच कुणाला टिपावं लागलं...

भरदुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत होते! माघार घेणाऱ्या इराकी सैन्यानं कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या आणि त्यांच्या काळ्याकुट्ट धुरानं सूर्य झाकून टाकला होता. कपड्यांवर, चेहऱ्यावर, कॅमेऱ्याच्या भिंगावर काजळीचा चिकट थर बसत होता. कुवेत शहरातून निघून जहराच्या पुढे गेलं, की मुतला नावाची टेकड्यांची रांग लागते. तिथून सहापदरी हमरस्ता सरळ उत्तरेला इराकमधल्या बसऱ्याकडे जातो. फेब्रुवारी १९९१च्या शेवटी तिथं रस्ता दिसतच नव्हता. दिसत होत्या त्या एकमेकींवर चढलेल्या, उलटलेल्या, जळून कोळसा झालेल्या गाड्या. लष्करी ट्रक, चोरलेल्या आलिशान मोटारी, बस, दुधाच्या नाहीतर पाण्याच्या टाक्या, अग्निशामक बंब आणि मधूनच एखादा रणगाडा.

२५ आणि २६ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रात्री अमेरिकी विमानांनी या पळत्या ताफ्याचं तोंड आणि शेपूट अडवलं आणि मधला भाग तासन् तास भाजून काढला. २८ फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता युद्धविराम झाला. बंदुका थांबल्या आणि गाड्यांच्या त्या ढिगाऱ्यात माणसं शिरू लागली. कुणी जखमी शोधायला, कुणी मढी पुरायला, कुणी लुटीतला माल परत मिळतो का ते पाहायला. आणि काही माणसं शिरली ती या सगळ्याचे फोटो काढायला.

त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर लष्करी गणवेश होता. गळ्यात कॅमेरा आणि कमरेला पिस्तूल. पगार लष्कराचा, हुकूम लष्कराचा आणि काढलेला फोटोही सरकारचा. हे होते लष्कराचे स्वतःचे पत्रकार.

ही जमात आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी नाही. भारतीय संरक्षण खात्याचं 'सैनिक समाचार' हे नियतकालिक २ जानेवारी १९०९ रोजी 'फौजी अखबार' या नावानं सुरू झालं आणि पुढे मराठीसह तेरा भाषांतून निघत आलं. अमेरिकेत मात्र या कामाचा पसारा फार मोठा. त्या काळी इंडियाना राज्यातल्या फोर्ट बेंजामिन हॅरिसन या छावणीत सैनिकांना बातमीदारी आणि फोटोग्राफी शिकवणारी खास शाळा होती. तिथून बाहेर पडलेला सार्जंट आधी सैनिक, मग पत्रकार. त्याशिवाय 'कॉम्बॅट कॅमेरा' म्हणून ओळखली जाणारी वेगळी पथकं. त्यांचं काम बातमी देण्याचं नाही, नोंद ठेवण्याचं. सेनापतींना पाहता यावं, तज्ज्ञांना अभ्यासता यावं आणि पन्नास वर्षांनी इतिहासकाराला सापडावं, म्हणून.

मुतल्याच्या त्या रस्त्याचं जगभर छापलं गेलेलं एक छायाचित्र अशाच एका गणवेशातल्या माणसाचं आहे. अमेरिकी हवाई दलाचे टेक्निकल सार्जंट जो कोलमन यांनी ते एप्रिल १९९१ मध्ये टिपलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोडलेल्या गाड्यांच्या रांगा आणि मधून साफ केलेला मोकळा पट्टा. सरकारी मालकीचा असल्यामुळे हा फोटो कुणालाही फुकट वापरता येतो. त्यामुळे शाळेच्या पुस्तकांपासून युद्धविरोधी पत्रकांपर्यंत तो सगळीकडे पोचला. लष्करानं स्वतःच्या नोंदीसाठी काढलेला फोटो लष्करावरच्या टीकेचं चित्र होऊन बसला!

भोक काय सांगतं?

खून झाला की आपल्याकडे पोलिस पंचनामा करतात. प्रेत कुठे होतं, तोंड कुठल्या दिशेला होतं, जखम किती लांब, किती खोल. रणगाड्याचा पंचनामा जवळपास तसाच होतो. तो कुठल्या जातीचा? जुना टी-५५ की नवा टी-७२? वाळूत खड्डा करून पुरून ठेवलेला होता की चालता चालता मारला गेला? तोफेची नळी शत्रूकडे वळलेली होती की मागे? आत दारूगोळा भरलेला होता की रिकामा? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मार नेमका कुठे लागला आणि कशाचा लागला?

जाणत्याला भोक पाहूनच उत्तर कळतं. अमेरिकी एब्रॅम्स रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेतून सुटणारा चिलखतभेदी गोळा म्हणजे खरं तर गोळा नव्हेच, लांबट जड बाण. त्यात स्फोटक नसतं. तो नुसत्या वेगानं आणि वजनानं पोलाद भेदून आत घुसतो. बाहेरून पाहिलं तर गोल, लहानसं, नीटस भोक. वाटावं एवढ्याशा भोकानं काय होणार? पण त्यातल्या धातूचे कण आत शिरताच पेट घेतात. टी-७२ची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की त्याचे तोफगोळे चालकदलाच्या पायाखाली गोलाकार फिरत्या चकतीत रचलेले असतात. तोफेत गोळा आपोआप भरला जावा आणि एक माणूस वाचावा म्हणून केलेली ही सोय. चकतीतले गोळे पेटले की कित्येक टन वजनाचा तोफेचा घुमट डब्याच्या झाकणासारखा हवेत उडतो आणि बाजूला उलटा येऊन पडतो. त्या युद्धाच्या कितीतरी फोटोंत एकीकडे बुडखा आणि दुसरीकडे घुमट दिसतो तो यामुळे.

क्षेपणास्त्र लागलं असेल तर भोक आणखी बारीक आणि भोवती वितळल्यासारखा शिंतोडा. विमानातला बॉम्ब असेल तर शेजारी खड्डा आणि एका अंगानं चेपलेलं लोखंड. आणि भोक कुठेच नाही, पण सगळं काही आतून फुटलेलं, असं दिसलं तर? तर बहुधा तो रणगाडा लढाईत मेलाच नाही. चालकदल सोडून पळालं आणि नंतर अमेरिकी सुरुंगवाल्यांनी आत स्फोटकं ठेवून तो उडवला. युद्धविरामानंतर दक्षिण इराकमधून परतताना अमेरिकी सैन्यानं अशी कितीतरी बेवारस सामग्री नष्ट केली. म्हणजे ज्या माणसाला हिशेब लिहायचा होता त्याच्यासमोर आधीच मेलेले आणि मागाहून मारलेले यांची सरमिसळ झालेली होती.

हिशेब जुळेना

हा हिशेब इतका का महत्त्वाचा होता, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१७ जानेवारी १९९१ला हवाई हल्ले सुरू झाले. जमिनीवरची चढाई तब्बल पाच आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला झाली. मधल्या काळात ठरलं होतं असं, की विमानांनी इराकी रणगाडे आणि तोफा निम्म्यानं कमी करायच्या आणि मगच पायदळ पुढे जाईल. त्या भागात इराकचे सुमारे ४,२८० रणगाडे असल्याचा अंदाज होता. मग रोज संध्याकाळी प्रश्न एकच : आज किती मेले?

वैमानिक तर सांगणारच, की मी आज इतके मारले! पंधरा-वीस हजार फुटांवरून, रात्रीच्या अंधारात, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून तो पाहत असतो. वाळूत पुरलेला रणगाडा सूर्यास्तानंतर वाळूपेक्षा सावकाश थंड होतो, म्हणून पडद्यावर वेगळा उठून दिसतो. एफ-१११ विमानांनी ही युक्ती वापरून लेझरनं दिशा दिलेले पाचशे पौंडी बॉम्ब एकेका रणगाड्यावर टाकले. पण पडद्यावर पांढरा झोत उमटला म्हणजे रणगाडा मेला का? की शेजारची वाळू उडाली? की तो लाकूड-पत्र्याचा बनावट रणगाडाच होता? इराकनं अशी बुजगावणीही मांडून ठेवली होती. शिवाय कालच मेलेल्याला आज दुसऱ्या वैमानिकानं पुन्हा मारलं असेल, तर?

अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा आपल्या बाजारातल्या घासाघिशीची आठवण करून देतो. ए-१० विमानाच्या वैमानिकांनी तीन सांगितले की एक धरायचा, आणि एफ-१११वाल्यांनी व्हिडिओ दाखवून दोन सांगितले की एक धरायचा! अशी कापाकापी करूनही चढाईच्या तोंडावर सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ यांच्या मुख्यालयाचा आकडा सतराशेच्या घरात गेला. इकडे सीआयएचे लोक उपग्रहाची चित्रं मांडून बसलेले. त्यांना यातले जेमतेम तिसरा हिस्सा रणगाडेच मेलेले दिसत होते. वाद थेट व्हाइट हाउसपर्यंत पोचला. तिथं सेनापतीची बाजू मानली गेली आणि चढाई झाली. शंभर तासांत इराकी फळी कोसळली. मग आकडे कुणाचे खरे, हे विचारायला कुणालाच वेळ नव्हता. जिंकलेल्या घराचा जमाखर्च कोण तपासतो?

पण वाळवंटात लोखंड पडलेलंच होतं. ते कुठे पळून जात नव्हतं.

युद्धानंतर अमेरिकी तज्ज्ञ जागेवर गेले आणि त्यांनी एकेक रणगाडा तपासला. त्यांनी पाहिलेल्या १६३ इराकी रणगाड्यांपैकी ७८ धडधाकट होते, नुसते सोडून दिलेले. उरलेल्या ८५ वर मिळून १४५ मार सापडले आणि त्यातले हवेतून आलेले फक्त २८. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं आणि पुढे १९९७ मध्ये सरकारी लेखातपासणी कार्यालयानं अशा नोंदी आणि अहवाल समोर ठेवले, तेव्हा निघालेला अर्थ सरळ होता. युद्धाच्या काळात जाहीर झालेले आकडे बरेच फुगलेले होते. दूरचित्रवाणीवर सगळ्या जगानं पाहिलेली ती अचूक नेमबाजीची चित्रं खोटी नव्हती. ती निवडक होती.

मुतल्याच्या रस्त्याचंही तसंच. 'मृत्यूचा महामार्ग' असं नाव पडलेल्या त्या ढिगाऱ्याची नीट मोजदाद झाली तेव्हा चौदाशेच्या आसपास वाहनांत रणगाडे आणि इतर चिलखती गाड्या मिळून अवघ्या २८ निघाल्या. बाकीचे ट्रक, बस आणि मोटारी. आणि त्यांत काय? टीव्ही, गालिचे, दागिने, बायकांचे कपडे, मुलांची खेळणी. पळणाऱ्या सैनिकांनी कुवेती घरांतून जे हाताला लागलं ते उचललं होतं. मात्र हल्ला होताच बरेच जण गाड्या सोडून वाळवंटात धावले, त्यामुळे फोटो पाहून वाटतात त्यापेक्षा मृत्यू कमी झाले, असा नंतरच्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. कमी म्हणजे किती, यावर मात्र अजून एकमत नाही.

याच रस्त्यानं काही महिने आधी आपली माणसंही गेली होती, हे इथं आठवायला हवं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत गिळंकृत केलं, तेव्हा तिथं दीड लाखांहून जास्त भारतीय होते. मल्याळी, गुजराती, पंजाबी, गोव्याचे आणि कोकणातलेही. कित्येकांनी बसऱ्याचा रस्ता धरून बगदाद आणि तिथून जॉर्डनमधलं अम्मान गाठलं. पुढे एअर इंडियाच्या विमानांनी ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून सुमारे पावणेदोन लाख लोकांना मायदेशी आणलं. त्या माणसांनी पाहिलेला मुतल्याचा रस्ता मोकळा, सरळ आणि रखरखीत होता.

आपलेच गोळे

आता या पंचनाम्यातलं सगळ्यात अवघड पान.

जळालेल्या गाड्यांत काही अमेरिकीही होत्या. एब्रॅम्स रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या. त्यांत मेलेल्या जवानांच्या घरी शत्रूच्या माऱ्यात वीरमरण आलं, अशा तारा गेल्या. घरच्यांनी मानानं अंत्यविधी केले. पण गाडीचं पोलाद तपासणाऱ्यांना भोकाच्या कडेला एक खूण सापडू लागली. किरणोत्सर्गाची बारीक खूण.

त्याचं असं होतं, की अमेरिकी चिलखतभेदी बाणातला धातू होता क्षपित युरेनियम. अणुइंधन तयार करताना मागे उरणारं, शिशापेक्षाही कितीतरी जड असं हे युरेनियम. असे बाण त्या रणांगणावर फक्त अमेरिकेकडे आणि ब्रिटनकडे होते, इराककडे नव्हते. म्हणजे अमेरिकी गाडीच्या भोकाला युरेनियम लागलेलं असेल, तर गोळा घरचाच.

ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानं आकडे जाहीर केले. युद्धात मारल्या गेलेल्या १४८ अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच माऱ्यात मेले होते आणि ७२ जण जखमी झाले होते. जवळजवळ चौथा हिस्सा! रात्रीचा अंधार, वाळूचं वादळ, पडद्यावर दिसणारा नुसता एक गरम ठिपका आणि दोन मैलांवरून चालवायची तोफ. चूक कशी झाली, हे समजणं कठीण नाही. पण पाच-सहा महिने चुकीची हकिगत उराशी धरून बसलेल्या आईबापांना ती दुसऱ्यांदा सांगायला जाणारा अधिकारी दारात काय बोलला असेल, याची कल्पना प्रत्येकानं स्वतःच करावी.

आणखी एक गोष्ट. इराकी रणगाड्यांच्या भोकांतही तीच युरेनियमची राख होती. युद्ध संपल्याच्या आनंदात शेकडो सैनिक त्या रणगाड्यांवर चढले, आत उतरले, आठवण म्हणून घड्याळं नि डायल काढून घेऊन आले, तोफेच्या नळीला टेकून फोटो काढून घेतले. आत जाऊ नका, जायचंच तर तोंडाला फडकं बांधा, हे सांगायला फारसं कुणी नव्हतं. लष्करानं या धोक्याची पुरेशी तयारीच केली नव्हती, असा ठपका अमेरिकी लेखातपासणी कार्यालयानं जानेवारी १९९३च्या अहवालात ठेवला. ज्यांच्या अंगात असे कण घुसले त्या जवानांची बाल्टिमोरच्या इस्पितळात त्याच वर्षीपासून नियमित तपासणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या लघवीत युरेनियम सापडत राहिलं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं कुवेतमध्ये पाहणी करून २००३ मध्ये अहवाल दिला. सर्वसामान्य वस्तीला धोका नाही, पण मार लागलेल्या गाड्या आणि तुकडे हाताळू नयेत, असं त्याचं सार होतं.

जे फोटोत नाही

लष्कराच्या पत्रकारांनी काढलेले शेकडो फोटो पाहिले की हळूहळू एक गोष्ट लक्षात येते. रणगाडे आहेत, घुमट आहेत, तुटलेले पट्टे आहेत, तोफांच्या वाकड्या नळ्या आहेत. माणूस कुठे आहे? टी-७२मध्ये तिघं बसतात, टी-५५मध्ये चौघं. फोटोखाली रणगाड्याची जात लिहिलेली, तारीख लिहिलेली, ठिकाण लिहिलेलं. त्या तिघांबद्दल किंवा चौघांबद्दल एक शब्द नाही.

यात कुणा एका फोटोग्राफरचा दोष काढण्यात अर्थ नाही. व्हिएतनामच्या वेळी पत्रकारांना मोकळं सोडलं आणि देशातलं जनमत फिरलं, अशी अमेरिकी सेनाधिकाऱ्यांची पक्की समजूत होती. म्हणून या वेळी नियम कडक. हजाराहून अधिक पत्रकार सौदी अरेबियात जमलेले, पण आघाडीवर जायला मिळे ते मोजक्यांना, तेही गटागटानं, सोबत लष्करी जनसंपर्क अधिकारी घेऊन. मजकूर आणि फोटो धाहरानच्या माहिती केंद्रातून तपासून पुढे जायचे. नियम मोडून एकटं जाण्यात धोका होता. सीबीएस वाहिनीचे बॉब सायमन आणि त्यांचे तीन सहकारी तसे गेले, २१ जानेवारीला इराकी सैनिकांच्या हाती सापडले आणि चाळीस दिवस कैदेत राहिले.

केनेथ जारेके हा तरुण छायाचित्रकार मात्र अशा अधिकृत गटातच होता. २८ फेब्रुवारीला तो लष्करी जनसंपर्कवाल्यांच्या गाडीतून दक्षिण इराकमधल्या रस्त्यानं जात होता. वाटेत एक जळालेला ट्रक लागला. पुढच्या काचेच्या चौकटीतून बाहेर येऊ पाहणारा एक इराकी सैनिक तिथंच जळून राहिला होता. चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेलेला, पण धडपड अजून दिसत होती. जारेकेनं फोटो काढला. आपण असा फोटो काढला नाही, तर घरची माणसं युद्ध म्हणजे सिनेमातल्यासारखं काहीतरी समजतील, अशी त्याची भावना होती. सोबतच्या लष्करी माणसांनी त्याला अडवलं नाही. धाहरानच्या तपासणीतूनही फोटो सुटला.

अडला तो न्यूयॉर्कमध्ये! असोसिएटेड प्रेसच्या संपादकांनी तो वर्तमानपत्रांकडे पाठवलाच नाही. लष्करानं नव्हे, पत्रकारांनीच कात्री लावली. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'नं आणि पॅरिसच्या 'लिबेरासिओं'नं तो छापला, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. अमेरिकी वाचकांच्या नजरेस तो काही महिन्यांनी, छायाचित्रणाच्या एका मासिकातून पडला. तोवर न्यूयॉर्कमध्ये विजयाच्या मिरवणुका निघून गेल्या होत्या.

पीटर टर्नली या दुसऱ्या छायाचित्रकारानं तर लष्करी गटात जायलाच नकार दिला. तो आपल्या गाडीनं मुतल्यापर्यंत पोचला. मृतांना वाळूत पुरणाऱ्या अमेरिकी पथकांचे फोटो त्यानं काढले. ते त्या वेळी फारसे छापले गेले नाहीत. पुढे २००२ साली, इराकवर दुसरं युद्ध येऊ घातलेलं असताना, त्यानं 'न पाहिलेलं आखाती युद्ध' अशा अर्थाच्या नावानं ते लोकांपुढे ठेवले.

नगरचा रणगाडा

जळक्या रणगाड्यांचं दर्शन आपल्याला नवं नाही. १९६५च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या चिखलात रुतले आणि मारले गेले. मग भिखीविंडला ते ओळीनं मांडून ठेवले होते. लोक गाड्या करून पाहायला जात. त्या जागेचं नावच पडलं पॅटननगर! त्यातले काही पुढे देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत जाऊन उभे राहिले. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात असे जिंकून आणलेले रणगाडे मुलाबाळांना हात लावून पाहता येतात. सुट्टीत गेलेलं प्रत्येक मूल तोफेच्या नळीखाली उभं राहून फोटो काढून घेतंच.

पण आखाती युद्धाकडे नगरच्या रणगाडा शाळेसारख्या ठिकाणी निव्वळ कुतूहलानं पाहून चालणार नव्हतं. कारण इराकचे टी-५५ आणि टी-७२ म्हणजे भारतीय सैन्यात असलेल्या रणगाड्यांचेच सोव्हिएत वंशातले भाऊबंद. इराकला मिळालेली आवृत्ती हलकी होती, गोळे जुने होते, रात्री पाहायची सोय तोकडी होती, जवान दमलेले होते, हे सगळं खरं. तरी ज्यानं त्याच जातीच्या रणगाड्यात उमेद घातली आहे त्याला तो उडालेला घुमट पाहून काय वाटलं असेल?

कुवेतनं हळूहळू लोखंड गोळा करून वाळवंटातल्या ठरावीक जागी रचलं. सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब वेचायला देशोदेशीचे लोक आले. त्यांत बांगलादेशाचे सैनिकही होते. शेवटची तेलविहीर ६ नोव्हेंबर १९९१ला विझली. जमिनीला मात्र एवढ्यात आराम पडला नाही. वाळवंटावर बारीक खड्यांचं एक कवच असतं, ते वाळू धरून ठेवतं. रणगाड्यांच्या पट्ट्यांनी आणि खंदकांनी ते फोडलं आणि सुटी झालेली वाळू वाऱ्यानं फिरू लागली. भूगर्भशास्त्रज्ञ फारूक अल बाझ यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून या जखमांचा अभ्यास केला. सोफी रिस्टेलह्युबेर ही फ्रेंच कलावंत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुवेतला गेली आणि तिनं जमिनीवरून आणि विमानातून या खुणांचे फोटो काढले. ७१ छायाचित्रांच्या त्या मालिकेतले काही फोटो पाहताना आपण उंचावरून खंदक पाहतो आहोत की जवळून त्वचेवरचा ओरखडा, हेच पटकन कळत नाही.

आणि एक पंचनामा असा झाला, की त्यासारखा त्याआधी कुठल्याच युद्धाचा झाला नव्हता.

२६ फेब्रुवारीला दुपारी दक्षिण इराकच्या वाळवंटात वाळूचं वादळ सुटलं होतं. नकाशावरच्या '७३ ईस्टिंग' या उभ्या रेषेजवळ, म्हणजे जिथं गाव नाही, झाड नाही, नावाला खूणही नाही अशा जागी, कॅप्टन एच. आर. मॅकमास्टर यांची तुकडी एका उंचवट्यावरून पुढे आली. समोर इराकच्या रिपब्लिकन गार्डचे टी-७२ उभे. हेच मॅकमास्टर पुढे २०१७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. त्यांच्या तुकडीनं २३ मिनिटांत २८ रणगाडे, १६ चिलखती गाड्या आणि ३० ट्रक नष्ट केले. तिचं स्वतःचं माणूस एकही गेलं नाही. शेजारी लढणाऱ्या तुकडीचा एक जवान मात्र मारला गेला.

काही आठवड्यांतच संशोधकांचं एक पथक कामाला लागलं. त्यांनी लढलेल्या जवानांना गाठलं, प्रत्येकाला बसवून विचारलं. तू कुठे होतास, कुणावर गोळी झाडलीस, मग कुठे वळलास? कुणाकडे लढाई चालू असतानाची ध्वनिफीत निघाली. मग ते प्रत्यक्ष वाळवंटात गेले. मोडक्या रणगाड्यांच्या जागा मोजल्या, पट्ट्यांच्या खुणा पाहिल्या. अमेरिकी टो क्षेपणास्त्र आपल्यामागे एक बारीक तार सोडत जातं. त्या तारा वाळूवर तशाच पडून होत्या. एक टोक डागणाऱ्याकडे, दुसरं मेलेल्या गाडीपाशी. इराकी बाजूनं कोण कुठे उभं होतं, हे ठरवायला त्या गाड्यांची कलेवरंच कामी आली.

ही सगळी माहिती संगणकात भरली गेली. गाडीगणिक आणि मिनिटागणिक. अमेरिकी लष्करी संशोधन खात्याच्या मदतीनं त्या लढाईची हुबेहूब चलत्चित्रं उभी राहिली. पाहणाऱ्याला वरून पाहता येई, मॅकमास्टरच्या रणगाड्यात बसता येई, नाहीतर इराकी रणगाड्याच्या जागेवरून समोर पाहता येई. विज्ञानकथालेखक ब्रूस स्टर्लिंगनं १९९३ मध्ये 'वायर्ड' मासिकाच्या पहिल्याच अंकात यावर लेख लिहिला. तरुण अधिकाऱ्यांना हे दाखवून शिकवता येई आणि मधली एखादी गोष्ट बदलून, म्हणजे वादळ काढून टाकून किंवा इराक्यांना अंधारात पाहायची चांगली दुर्बीण देऊन, पुन्हा लढाई खेळून पाहता येई.

खेळ संपला की बटण दाबायचं. तोफांचे घुमट आपापल्या जागी परत बसत, आगी विझत, तिघं तिघं आपापल्या रणगाड्यात जिवंत होत आणि घड्याळात पुन्हा २६ फेब्रुवारीचे चार वाजून अठरा मिनिटं होत.